उपग्रह, खाडी आणि पंचांग

मंगळवार, येऊर

कराडहून रात्री ठाण्यात पोहोचले आणि सकाळी आठला ताईने मला येऊरच्या टीएमटी बसमध्ये बसवलंसुद्धा. मांडीवर फोमचं अस्तर लावलेला डबा आणि हातात वही. ताई म्हणजे माझी मावसबहीण. हवेत तरंगणारे बारीक घन-द्रव कण, म्हणजे एरोसोल, आणि ते उपग्रहातून कसे मोजायचे, हा तिचा संशोधनाचा विषय. तिच्याबरोबर फिरणारा विद्यार्थी परीक्षेला गेला होता आणि मला बँकेतली शिल्लक रजा मार्चच्या आत संपवायची होती. "तू आकडे नीट लिहितेस, बाकी काही यायची गरज नाही," एवढ्यावर माझी नेमणूक झाली.

येऊरच्या चढावर एका वळणाला आम्ही उतरलो. खाली उपवनचा तलाव, त्यामागे इमारती आणि इमारतींच्या कमरेपर्यंत एक मळकट पट्टा. वरची कड इतकी सरळ की कुणी ओळंबा-पट्टी घेऊन आखावी. कडेच्या वर आभाळ निळसर, खाली राखाडी. थंडीत रात्री जमीन लवकर गार होते, तिला टेकलेली हवाही गार होते आणि वरची हवा तिच्यापेक्षा उबदार राहते. जड गार हवा वर चढत नाही. त्यामुळे रात्रभराचा धूर, धूळ, वाहनांचं जे काही असेल ते सगळं दोन-तीनशे मीटरच्या आतच कोंडून पडतं. ऊन तापलं की ही हवा ढवळली जाते आणि तोच माल किलोमीटरभर उंचीत पसरतो. सकाळचा फेरफटका तब्येतीला चांगला हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. जानेवारीतल्या ठाण्यात सकाळी सातची वेळ मात्र मला आता तरी शंकास्पद वाटते.

डब्यातून निघाला सन फोटोमीटर, मायक्रोटॉप्स नावाचा. वीतभर लांबीचं हातात धरायचं यंत्र. झाकण उघडलं की एका टोकाला पाच भिंगं. सूर्याकडे बघायचंच नाही; यंत्राच्या पाठीवर एक छोटी खिडकी आहे, तिच्यात सूर्याचा ठिपका पडतो. तो ठिपका फुलीच्या मध्यावर आणायचा, हात स्थिर ठेवायचा आणि बटण दाबायचं. काही सेकंदांत यंत्र भराभर वाचनं घेतं आणि त्यातली चांगली ठेवतं. दर तरंगलांबीला वेगळं भिंग. त्यातलं एक, ९३६ नॅनोमीटरचं, हवेतली वाफ मोजण्यासाठी. ताई कोपर बरगडीला टेकवून, श्वास रोखून उभी राहते. लागोपाठ तीनदा. मी वेळ, ढगांची स्थिती आणि आकडा लिहायचा.

आकडा म्हणजे एओडी, एरोसोल ऑप्टिकल डेप्थ. जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंत उभ्या खांबातल्या कणांनी थेट उन्हाला किती अडवलं त्याचं हे माप. गणित मला चटकन कळलं, कारण ते चक्रवाढ व्याजच आहे, फक्त उलटं. एओडी शून्य असेल तर कणांनी काहीच अडवलं नाही. एक असेल तर डोक्यावरच्या सूर्याचा थेट प्रकाश ३७ टक्क्यांवर येतो. आम्हाला ५०० नॅनोमीटरला अर्ध्याच्या आसपास मिळत होतं, म्हणजे हिशेबाने ६१ टक्के. पण जानेवारीत सकाळी दहाला सूर्य तिरपा असतो, किरणांना वाट जास्त कापावी लागते आणि तेवढ्याच कणांमागे हातात चाळीसेक टक्केच उरतात. उरलेलं सगळं नाहीसं होत नाही. त्यातलं बरंचसं विखुरतं आणि आभाळभर पसरतं. आभाळ निळं न दिसता पांढुरकं दिसतं ते त्यामुळे.

बुधवार, ऐरोली

या दिवसासाठीच हा आठवडा निवडला होता. ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून ट्रान्स हार्बर लोकल पकडली. दिघा गावचं नवंकोरं स्थानक मागे टाकून ऐरोलीला उतरलो आणि रिक्षाने किनारी व सागरी जैवविविधता केंद्रावर गेलो. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही आला. पर्यटक पक्ष्यांसाठी बोटीत बसतात, आम्हाला चिखल बघायचा होता.

बोट भरतीशिवाय निघत नाही. आम्ही नऊलाच पोहोचलो होतो. जेटीवरच्या आगरी काकांनी पाण्याकडे न बघताच सांगितलं, "आज चौदस. चौदा पाऊण सारेदहा. आत यायला पान्याला जरा येल लागतं, आकराच्या पुढंच धरा." मी बघतच राहिले. पाऊणकीचा पाढा मी आजोबांच्या तोंडून शेवटचा ऐकलेला. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्यावरची पूर्ण भरतीची वेळ येते. प्रतिपदेला पाऊण वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला दुपार-मध्यरात्रीच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावास्येचं ते उधाण आणि अष्टमीची ती भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती, हेही काकांनीच सांगितलं. ताईने हे सगळं वहीत उतरवून घेतलं. तिच्याकडे भरतीचे छापील तक्ते आहेत, तरी.

पाणी चढेपर्यंत तिने मला खाडी आणि उपग्रह यांचं भांडण समजावलं. माझ्या मते या प्रवासातला ऐवज हाच.

उपग्रह वरून बघतो तेव्हा त्याच्या डोळ्यात दोन गोष्टी मिसळून येतात: जमिनीवरून परतलेला प्रकाश आणि मधल्या कणांनी परतवलेला प्रकाश. कण मोजायचे तर जमिनीचा वाटा वजा करावा लागतो. नासाच्या टेरा (१९९९) आणि ॲक्वा (२००२) या उपग्रहांवर मोडिस नावाचं उपकरण आहे. त्यासाठी योराम कॉफमन आणि सहकाऱ्यांनी एक युक्ती बसवली. झाडीसारख्या गडद जमिनीकडे २.१ मायक्रोमीटरच्या लांब तरंगलांबीत बघायचं. धुराचे बारीक कण तिथे जवळजवळ दिसतच नाहीत, म्हणजे जे दिसतं ते जमिनीचं. हिरव्या जमिनीचा तिथला उजळपणा आणि लाल-निळ्या रंगातला उजळपणा यांचं नातं बऱ्यापैकी ठरलेलं असतं. त्यावरून लाल-निळ्यातला जमिनीचा वाटा काढायचा. त्याहून जास्त जे दिसेल ते कणांच्या खात्यावर टाकायचं.

कान्हा, मेळघाट, येऊर, सगळीकडे हे चालतं. खाडीवर फसतं. ओला चिखल आणि गढूळ पाणी लाल रंगात उजळ असतात, पण २.१ मायक्रोमीटरला काळेठिक्कर, कारण ती तरंगलांबी पाणी गिळून टाकतं. गणिताला वाटतं, इथली जमीन गडद आहे. मग लाल रंगात एवढा उजेड आला कुठून? तो कणांचा असणार! चिखलाचा उजेड धुराच्या नावावर जमा. म्हणून पाण्याचे ठिपके आधीच गाळून टाकण्याची सोय ठेवलेली असते. पण मोडिसची नेहमीची चौकट १० किलोमीटरची. त्या एका चौकटीत मुलुंड, भांडुप, मिठागरं, कांदळवन, खाडी, ऐरोली आणि पारसिकचा डोंगर एवढं सगळं कोंबलेलं. गाळून गाळून काय उरणार? कधी दोन-चार ठिपक्यांवरून पूर्ण चौकटीचा आकडा लागतो, कधी चौकट कोरी राहते. अलीकडे १ किलोमीटरचीही मापं मिळतात, पण चिखल तोच.

अकराच्या पुढे बोट सुटली. दोन्हीकडे कांदळवन, त्यातून वाट उघडली आणि समोर मोकळं पाणी. फ्लेमिंगो होते, पण भरती असल्यामुळे कडेला दाटीवाटीने उभे. एका शाळकरी मुलाने आईला विचारलं, "त्या मावशी पक्षी सोडून सूर्याचे फोटो का काढतायत?" हलत्या बोटीत ठिपका फुलीवर ठेवणं हे अवघड काम आहे. ताईने दोन्ही पाय फाकवून पाठ खांबाला टेकवली आणि बोटवाल्या दादांनी इंजिन बंद केलं. पाणी चहाच्या रंगाचं. मी हात घालून बघितला, बोटभर खोलीवर नखं दिसेनाशी झाली. वरून बघणाऱ्याला याचं समुद्र म्हणून गणित करता येत नाही आणि जमीन म्हणूनही नाही.

गुरुवार, तुर्भे–महापे

ठाणे–बेलापूर पट्ट्यात साठच्या दशकापासून कारखाने आहेत. आता त्यांच्या जोडीला डेटा सेंटरं, गोदामं, तयार काँक्रीटचे प्रकल्प आणि हिरव्या जाळ्यांत गुंडाळलेले अर्धवट टॉवर. पारसिकच्या डोंगराला खाणींनी पाडलेली खिंडारं तुर्भ्यातून ठळक दिसतात.

आजचं यंत्र खिशात मावणारं होतं, ब्लॅक कार्बन मोजणारं. ताईच्या खांद्याच्या पिशवीत ते आणि त्यातून निघालेली पातळ नळी कॉलरला क्लिपने अडकवलेली. आतला छोटा पंप नळीतून हवा ओढतो, ती गाळणीच्या एका चकतीतून जाते आणि यंत्र त्या ठिपक्यातून ८८० नॅनोमीटरचा प्रकाश पाठवत राहतं. ठिपका जितका काळा होईल तितका प्रकाश कमी. सकाळी घालताना मी ती गाळणीची पट्टी जवळून बघितली होती: पांढरी स्वच्छ, मध्ये मुगाच्या दाण्यापेक्षाही लहान गोल. तुर्भे स्टेशनपासून महापेच्या नाक्यापर्यंत चालून, कंटेनरांच्या रांगेशेजारी दोन कटिंग पिऊन परत बघितली, तर गोल करडा झाला होता. संध्याकाळी काळा. कडा धारदार, जणू काळ्या शाईचा पेन टेकवला. डिझेल, लाकूड, कचरा असं काहीही अर्धवट जळलं की हा कार्बन निघतो. बाकीचे बरेच कण ऊन परतवतात, हा ते शोषतो आणि आजूबाजूची हवा तापवतो.

महापेला प्रदूषण नियंत्रण मंडळाचं हवा मोजण्याचं केंद्र आहे. तसंच ऐरोलीला, नेरूळला. या केंद्रांतून पीएम २.५ कळतं, म्हणजे एक घनमीटर हवेत अडीच मायक्रोमीटरपेक्षा बारीक कणांचं वजन किती. आपली चोवीस तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. मी ताईला बँकेतला प्रश्न विचारला: वरचा आकडा आणि खालचा आकडा यांचा ताळमेळ का बसत नाही?

"कारण दोन खाती वेगळी आहेत," ती म्हणाली. खालचं यंत्र नाकाच्या उंचीवरची हवा मोजतं, उपग्रह अख्खा खांब. सकाळी सगळा माल जमिनीलगत असतो तेव्हा पीएम चढलेलं. दुपारी तोच माल उंच पसरला की पीएम उतरतं, एओडी मात्र जिथल्या तिथे. शिवाय खालची यंत्रं हवा आत घेताना गरम करून कोरडी करतात, तर उपग्रहाला कण ओलेच्या ओले, फुगलेले दिसतात. खाडीकाठच्या दमट हवेत मिठाचे आणि सल्फेटचे कण पाणी पिऊन चांगलेच फुगतात. प्रकाश अडवतात जास्त, पण त्यांचं कोरडं वजन तेवढंच. उपग्रहावरून पीएमचे नकाशे करतात ते या सगळ्याची दुरुस्ती लावूनच. दुरुस्ती किती पक्की, यावर नकाशाची किंमत. फोनमधली ॲप हे काहीच सांगत नाहीत, एक रंगीत गोल दाखवतात आणि लोक त्यावरून सोसायटीच्या ग्रुपवर भांडतात.

शुक्रवार

२६ जानेवारी. सोसायटीत झेंडावंदन, जिलेबी, आणि आभाळात पिंजल्यासारखे अगदी उंचावरचे विरळ ढग. साध्या डोळ्यांना ऊन लख्ख वाटतं, पण असला ढग सूर्यावरून गेला की फोटोमीटर त्यालाही एरोसोल समजतो. दिवस वाया.

दुपारी तलावपाळीला चक्कर झाली. कट्ट्यावर बसून ताई ॲना मणींबद्दल बोलत राहिली. १९१८ चा जन्म, सी. व्ही. रामन यांच्याकडे काम, मग पुण्याच्या वेधशाळेत भारतीय बनावटीची हवामान उपकरणं घडवणं आणि १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात देशभर सौर प्रारण मोजणारी केंद्रं उभी करणं. त्या मोजणीतून हवेचा गढूळपणाही काढला जाई. त्याचं सूत्र स्वीडनच्या ॲन्डर्स ऑन्गस्ट्रॉमने १९२९ मध्ये मांडलेलं. आज आम्ही वापरतो तेही त्याचंच: वेगवेगळ्या तरंगलांबींना एओडी किती झपाट्याने बदलतो ते एका आकड्यात, म्हणजे घातांकात, बघायचं. निळ्यात जास्त आणि लालमध्ये बराच कमी असेल, तर कण बारीक, म्हणजे धूर. सगळीकडे जवळपास सारखा, तर कण जाड, म्हणजे धूळ किंवा मीठ. भाऊजींना याचं उदाहरण चांगलं आठवत होतं. २३ जानेवारी २०२२ ला पाकिस्तानच्या बाजूने आलेलं धुळीचं वादळ मुंबई-ठाण्यापर्यंत पोहोचलं आणि गाड्यांवर पांढरी भुकटी बसली. असल्या दिवशी हा घातांक एकदम खाली येतो, कुणी केमिकल तपासणी न करताही कळतं की हा गावातला धूर नाही.

शनिवार, खारघर

खारघरच्या टेकडीवर सकाळी चालणाऱ्यांची गर्दी असते. आम्ही दहानंतर चढलो, उतरणारे सगळे आमच्या डब्याकडे संशयाने बघत होते. वरून खाली सेंट्रल पार्क, पलीकडे पनवेलची खाडी आणि उलव्याकडे विमानतळासाठी सपाट केलेली जमीन.

सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे. १९९९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये इंडोएक्स नावाची मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली. वीरभद्रन रामनाथन तिच्या नेतृत्वात होते. विमानं, जहाजं, मालदीवमधलं केंद्र अशा सगळ्यांनी मिळून दाखवलं की थंडीत उपखंडावरचं धुरकं हजारो किलोमीटर हिंदी महासागरावर पसरतं. आपल्या चुली, ट्रक आणि भट्ट्यांचं मालदीवला दर्शन. टेकडीवर उभं राहिलं की त्या प्रवासाची सुरुवात डोळ्यांसमोर असते.

दुपारी एकच्या पुढे पश्चिमेकडून वारा फिरला. अंगाला आधी दमटपणा जाणवला, मग शेजारच्या वाळक्या गवताने माना उलट्या टाकल्या. ताई दर दहा मिनिटांनी वाचन घेत होती, मी लिहीत होते. तासाभरात घातांक हळूहळू उतरताना वहीत दिसला: समुद्राची जाड मिठाळ हवा धुरात मिसळत होती. दीडच्या सुमाराला व्हिअर्स हे मोडिसच्या पुढच्या पिढीचं उपकरण असलेले उपग्रह जातात, तेव्हाची तीन वाचनं तिने लाल शाईत लिहायला लावली. टेरा आणि ॲक्वा आता म्हातारे झालेत. पूर्वी साडेदहा आणि दीड ही त्यांची ठरलेली वेळ. इंधन वाचवण्यासाठी त्यांच्या कक्षा धरून ठेवणं थांबवलंय. टेरा लवकर येतो, ॲक्वा उशिरा. इन्सॅट मात्र ३६,००० किलोमीटरवर जागचा हलत नाही, दर अर्ध्या तासाने चित्र देतो. लांबून बघत असल्यामुळे ते ढोबळ.

उतरताना मी विचारलं, एवढे उपग्रह असताना टेकड्या चढायचं कारण काय? तिने उत्तर द्यायच्या आधी पाण्याची बाटली संपवली. "त्यांचं कुणीतरी ऑडिट करायला नको?" नासाचं एरोनेट नावाचं जाळं, इस्रोचं देशातल्या केंद्रांचं जाळं, कानपूरला २००१ पासून चालू असलेलं यंत्र, हे सगळं त्यासाठीच. त्यांच्या मधल्या जागा अशा पायी भरायच्या.

रविवार, ठाणे

दिवसभर घरीच. उपग्रहांच्या फायली उतरवायच्या, आमच्या वहीशेजारी मांडायच्या. येऊरचं जमलं: वरचा आकडा आणि खालचा आकडा शेजारी शेजारी बसले. खारघरलाही बऱ्यापैकी. बुधवारी ऐरोलीची चौकट एका फायलीत कोरी आणि दुसरीत आमच्या आकड्यापेक्षा बरीच जास्त. ताई हसली. तिला हेच हवं होतं.

मग तिने भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर पसरलं. दीडचा उपग्रह रोज दीडलाच येणार. पौर्णिमा-अमावास्येला त्या वेळी खाडी काठोकाठ भरलेली. अष्टमीला भरती सहाची, म्हणजे दुपारी ओहोटी आणि उघडा चिखल. एकच खाडी, एकच उपग्रह, एकच वेळ. बदलते ती फक्त खालची जमीन, तीही तिथीप्रमाणे. चिखलाचा खोटा उजेड नेमका किती, हे काढायचं तर दोन्ही दिवशी जमिनीवरून मोजलं पाहिजे. तिने येत्या शनिवारच्या अष्टमीला गोल केला आणि त्यानंतरच्या शुक्रवारच्या अमावास्येला दुसरा. अष्टमीला बोट निघणार नाही, तेव्हा काठावरूनच मोजावं लागेल. त्यासाठी जेटीवर उभं राहू देतील का, ते काकांना फोन करून विचारायचं काम माझ्याकडे आलं. माझी रजा बुधवारपर्यंतच होती. मी शाखेत फोन लावून ती आणखी पंधरा दिवस वाढवून घेतली.